घाटात बंद, गॅरेजात सुरू

काही बिघाड दाखवायला गेलं की दिसत नाहीत. गाडी तासभर चालते आणि मग चढावर, एसी चालू असताना, काही कळायच्या आत बंद पडते. धक्का नाही, आवाज नाही, धूर नाही. बोनेट उघडून अर्धा तास थांबलं की पहिल्याच सेल्फला सुरू होते आणि घरी येईपर्यंत तिची काही तक्रार नसते. दुसऱ्या दिवशी गॅरेजात नेली की मेस्त्री एक फेरी मारून येतात आणि म्हणतात, "गाडी एक नंबर आहे." ते ऐकून हायसं वाटत नाही, पोटात गोळाच येतो. कारण त्याच गाडीतून पुन्हा घाट उतरायचा असतो.

अशा बंद पडण्यामागे पुष्कळदा अंगठ्याएवढा एक भाग असतो. पुस्तकातलं त्याचं नाव क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर. क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टनांच्या खालीवर होण्यानं फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा. गॅरेजात त्याला क्रँक सेन्सर किंवा आरपीएम सेन्सर म्हणतात. इंजिन किती वेगानं फिरतंय आणि या क्षणी पिस्टन कुठे आहेत, ही खबर तो ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, देतो. ती खबर थांबली तर प्लगला करंट कधी द्यायचा आणि इंजेक्टर कधी उघडायचा, हे ईसीएमला ठरवताच येत नाही. मग तो दोन्ही थांबवतो. पेट्रोल पंपाचा रिलेही सोडतो, कारण इंजिन थांबलेलं असताना पंप पेट्रोल ढकलत राहिला तर अपघाताच्या वेळी आग लागायची भीती. म्हणजे एक बारीक तार तुटली की ठिणगी, इंधन आणि पंप तिन्ही एकाच क्षणी जातात. म्हणूनच या बिघाडात इंजिन आचके देत, खोकत बंद पडत नाही. दिव्याचं बटण बंद करावं तसं बंद होतं.

माझं माहेर रत्नागिरीचं आणि घर कोल्हापुरात, त्यामुळे आंबा घाट हा माझा नेहमीचा रस्ता. आमची पेट्रोल गाडी जुनी, पण सांभाळलेली. ती या रस्त्यावर बंद पडायला लागली तेव्हा मदतीला थांबणाऱ्या प्रत्येकाकडे एक निदान तयार असायचं. पेट्रोलमध्ये पाणी असेल. पंप गरम झाला असेल. एअर लॉक असेल, ओलं फडकं टाका. ट्रकवाले, एसटीचे ड्रायव्हर, साखरप्याकडून येणारे मोटारसायकलवाले, सगळे आपुलकीनं थांबले, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून कृतज्ञता आहे. शिवाय ओलं फडकं टाकल्यावर गाडी खरोखर सुरू व्हायची. फडक्यानं इंजिनचा तो कोपरा लवकर थंड व्हायचा, एवढंच त्यातलं सत्य. पण उपाय लागू पडला की त्याच्यामागचं कारणही खरं वाटायला लागतं, आणि असे बिघाड लांबतात ते इथेच.

एका वर्कशॉपनं आधी प्लग बदलले. मग पेट्रोलचा फिल्टर. मग पंप, आणि नंतर इग्निशन कॉइल. प्रत्येक वेळी गाडी काही आठवडे नीट चालली, कारण मधल्या काळात ती गावातल्या गावात फिरत होती आणि तेवढी तापतच नव्हती. मग पुन्हा घाट, पुन्हा बंद. स्कॅनरही लावला होता. त्यात बिघाडाचा एकही कोड नव्हता, आणि कोड नाही म्हणजे सेन्सर चांगले, असा निष्कर्ष काढून तो विषय तिथे संपवला गेला.

या कोड नसण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण गाडी वापरणाऱ्या बहुतेकांचा इथे गैरसमज असतो. आपल्याकडे नव्या प्रवासी गाड्यांना ओबीडीचा, म्हणजे गाडीनं आपले बिघाड आपणच नोंदवण्याच्या व्यवस्थेचा, पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. तेव्हापासून स्कॅनर लावला की आजार छापून बाहेर येतो, अशी एक समजूत पसरली आहे. आता ईसीएमच्या जागी बसून बघा. क्रँक सेन्सरकडून काहीच येत नाहीये. याचे अर्थ दोन: सेन्सर मेला, किंवा इंजिन थांबलं. दोन्ही वेळी वायरवर शांतताच असते. नव्या गाड्यांमध्ये ईसीएम कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, सेन्सरकडे बघून पडताळा घेतो. कॅम फिरतोय आणि क्रँक गप्प आहे, म्हणजे खोट सेन्सरच्या बाजूला. मग पी०३३५ हा कोड नोंदवला जातो. सिग्नल येतोय पण वेडावाकडा असेल तर पी०३३६, मधूनमधून तुटत असेल तर पी०३३९. पण इंजिन एखाद्या सेकंदात थांबलं, तर पडताळ्याला वेळच मिळत नाही. इंजिन नुसतं थांबलं आहे, असं समजून ईसीएम काहीही न नोंदवता बसून राहतो. कोड असला तर तो साक्षीदार आहे. नसला, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

सेन्सरचं काम कसं चालतं हे मला कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वयस्कर मेस्त्रींनी बोटांनी हवेत चाक काढून दाखवलं, आणि नंतर मी ते वाचून पक्कं केलं. क्रँकशाफ्टबरोबर फिरणारी एक दातेरी चकती असते. कधी फ्लायव्हीलपाशी, कधी पुढच्या पुलीपाशी. पुष्कळ गाड्यांत तिच्यावर ६० दातांची जागा असते, पण दात असतात ५८. दोन मुद्दाम गाळलेले. जपमाळेत मेरुमणी हाताला लागला की माळ पूर्ण झाल्याचं कळतं, तसं ही मोकळी जागा समोरून गेली की एक फेरा झाला हे ईसीएमला कळतं. तिथून पुढे प्रत्येक दात म्हणजे सहा अंश. चारस्ट्रोक इंजिनाचं एक आवर्तन दोन फेऱ्यांत पुरं होतं, त्यामुळे या फेऱ्यात नेमका कोणता सिलिंडर पेटवायचा आहे हे कॅमचा सेन्सर सांगतो. पण वेळेचा सगळा काटेकोरपणा क्रँककडूनच येतो.

आकडे मांडून बघितले तेव्हा मी थक्क झाले. ३००० आरपीएमला इंजिन सेकंदाला ५० फेरे घेतं. एक दात समोरून सरकायला सेकंदाचा तीनहजारावा भाग लागतो. त्याहून बारीक वेळेत काय घडलं, तेही ईसीएम मोजतो: एखाद्या सिलिंडरनं नीट पेट घेतला नाही तर क्रँक तेवढ्यापुरता कणभर मंदावतो, आणि दातांमधलं अंतर तेवढंसं लांबलेलं पाहून मिसफायर ओळखला जातो. ६० जागांच्या या चाकाची आणखी एक गोष्ट मला फार आवडली. मिनिटाला जितके फेरे, जवळजवळ तितकेच दात सेकंदाला समोरून जातात. आयडलिंगला ८०० आरपीएम असेल तर मीटर हर्ट्झवर ठेवून साधारण तोच आकडा वाचता येतो. दोन दात गाळलेले असल्यानं किंचित कमी.

सेन्सरच्या आत म्हणाल तर एक चुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. लोखंडी दात जवळून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि तारेत वीज उमटते. फॅरडेनं १८३१ मध्ये जे दाखवलं तेच. त्याला बाहेरून वीज द्यावी लागत नाही, वायरी दोनच असतात. फार तर तिसरी एक, बाहेरचा गोंगाट अडवणाऱ्या जाळीची. दुसरी जात हॉल सेन्सरची. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो. त्याला तीन वायरी: एक सप्लाय, एक अर्थ, एक सिग्नल. या दोन जाती तपासायच्या पद्धती अगदी वेगळ्या आहेत. हॉल सेन्सरला ओहममीटर लावून काही कळत नाही, उलट आतलं सर्किट खराब व्हायची शक्यता. तिथे सप्लाय येतोय का, अर्थ पक्का आहे का आणि सेल्फ मारताना सिग्नल खालीवर होतोय का, एवढंच बघायचं.

१९७९ मध्ये बॉशची मोट्रॉनिक प्रणाली बीएमडब्ल्यूच्या ७३२ आय या गाडीत आली आणि इंधन व ठिणगी ही दोन्ही कामं एकाच डिजिटल संगणकाकडे गेली. आपल्या रस्त्यांवर ते युग बरंच उशिरा, कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) आलं तेव्हा आलं. त्याआधी ठिणगीची वेळ डेल्को, म्हणजे प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर, ठरवायचा. त्याचं झाकण काढलं की करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट दिसायचे, जळले असले तर पॉलिश पेपरनं घासायचे, गॅप भरायची. बिघाड डोळ्याला दिसत होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं घडवणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. नुसत्या आवाजावरून व्हॉल्व्हची चूक सांगणारी माणसं मी लहानपणी माझ्या आत्याच्या घराजवळ पाहिली आहेत. त्या कानांना सेन्सरमधली तुटकी तार ऐकू येत नाही. म्हणून तिथल्याच एका मेस्त्रींनी जुन्या शहाणपणाला मीटर आणि विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप जोडून काम करताना पाहणं मला मोठ्या समाधानाचं वाटलं.

त्यांनी बोनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारले. बंद पडते तेव्हा उजेड मंद होतो का? सेल्फ नेहमीच्या जोरानं फिरतो का? पेट्रोल किती असतं? आणि मग, "ताई, आरपीएमचा काटा कसा पडतोय? दमानं, का एकदम?"

हे मी पाहिलेलं होतं. घाट उतरताना, दुसऱ्या गिअरमध्ये, गाडी उताराच्या जोरावर चालत असताना इंजिन गेलं होतं आणि काटा झटकन शून्यावर आला होता. मी तसं सांगितलं.

"गिअरमधी होती न्हवं? क्लच दाबला नव्हता?"

"नाही."

"मग चाकं इंजिनाला फिरवत होती. इंजिन फिरतंय आणि काटा म्हणतोय शून्य. म्हंजे खबर द्येणाराच गप्प झालाय."

एवढ्या एका निरीक्षणानं पंप, फिल्टर, प्लग हे सगळे संशयित बाजूला झाले. पेट्रोल संपून किंवा ठिणगी जाऊन इंजिन बंद पडलं असतं, तर गाडी गिअरमध्ये पळत असेपर्यंत काट्यानं फेरे दाखवलेच असते. सेल्फ मारतानाही हेच बघायचं असतं. पुष्कळ गाड्यांत त्या वेळी काटा थोडासा उचलतो. स्कॅनरच्या पडद्यावर तर दोनएकशे आरपीएम दिसायलाच हवेत. सेल्फ जोरात फिरतोय आणि पडद्यावर शून्य, तर आधी क्रँक सेन्सर आणि त्याची वायर तपासावी.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, निदानाशी तिचा थेट संबंध नसला तरी. उतारावर इंजिन असं बंद पडलं तर ब्रेक लगेच जात नाहीत. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोनतीन वेळा दाबण्यापुरता शिल्लक असतो. म्हणून ब्रेक पंप करत बसायचं नाही, एकदाच घट्ट दाबून गाडी कडेला घ्यायची. स्टिअरिंग जड होतं, पण वळतं. चावी मात्र काढायची नाही. स्टिअरिंग लॉक होईल.

मेस्त्रींनी थंड गाडीवर सेन्सरचा कपलर काढून रोध मोजला. सुमारे ९०० ओहम. अशा दोन वायरींच्या बहुतेक सेन्सरांचा रोध ५०० ते १५०० च्या दरम्यान असतो, त्यामुळे हा आकडा निर्दोष. इथेच थांबले असते तर निकाल पुन्हा "सेन्सर चांगला आहे" असाच लागला असता. पण ते म्हणाले, "थंड माणसाचा ताप मोजून काय उपेग?" त्यांनी ईसीएमच्या बाजूच्या कपलरवर, सेन्सरच्या दोन्ही वायरींना मागून बारीक पिना लावल्या आणि त्यावर स्कोप जोडला. म्हणजे सेन्सर आणि सगळी वायर एकाच वेळी पारखली जाणार. मग बोनेट बंद, एसी चालू, आयडलिंग जरा वाढवून ठेवलं, आणि आम्ही वाट बघत बसलो.

मला या वाट बघण्याविषयीच सगळ्यात जास्त बोलायचं आहे. त्यांच्या दारात आणखी गाड्या उभ्या होत्या. तेवढ्या वेळात त्यांची दोन ऑइलं बदलून झाली असती. पडद्यावर एकसारख्या लाटा सरकत होत्या, दर फेऱ्याला मधेच एक मोकळी जागा. काहीच बिघडत नव्हतं. ते अधूनमधून येऊन बघून जात होते. दुपार चढली, पंख्याचा आवाज वाढला. मग लाटांची उंची कमी व्हायला लागली, एकदोन ठिकाणी तुटली, आणि इंजिन बंद पडलं. त्यांनी लगेच कपलर काढून मीटर लावलं. पडद्यावर ओएल. म्हणजे सर्किट उघडं, तार आतून तुटलेली. सेल्फ मारून पाहिला. फिरतोय, पण सिग्नल सपाट. मग त्यांनी सेन्सरवर बाटलीतलं पाणी बारीक धारेनं सोडलं. मीटरवर आकडा परत आला, बाराशेच्या आसपास, आणि हळूहळू उतरत गेला.

हा बाराशेचा आकडाही बोलका आहे. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. थंड असताना ९०० असलेलं वेटोळं ८०-९० अंशांनी अधिक तापलं की १२०० च्या घरात जाणारच. तो दोष नाही, तांब्याचा धर्म आहे. दोष होता तो तुटीचा. वेटोळ्यात कुठेतरी तारेला चीर गेलेली, थंड असताना दोन्ही टोकं एकमेकांना टेकलेली. गरम झाल्यावर भोवतालचं प्लास्टिक फुगून ती दूर जायची, निवल्यावर पुन्हा टेकायची. ओलं फडकं, अर्धा तास, आपोआप सुरू होणं, सगळ्याचा उलगडा त्या आकड्यांत होता.

नवा सेन्सर बसवण्याआधी त्यांनी जागा साफ केली. आतल्या चुंबकाला लोखंडाचा बारीक चुरा चिकटतो, आणि टोक व दात यांच्यातली फट जेमतेम मिलिमीटरभराची असल्यानं तेवढ्या चुऱ्यानंही सिग्नल बिघडतो. फट वाढली तरी पंचाईत. या सेन्सरची वीज वेगावर अवलंबून असते. बॅटरी उतरलेली, सेल्फ मंद, त्यात फट मोठी, की सिग्नल इतका क्षीण होतो की ईसीएमला तो दिसतच नाही. सकाळी गाडी लवकर सुरू न होण्याचं हेही एक कारण असू शकतं, आणि बिचारी बॅटरी एकटी बदनाम होते. काही गाड्यांत सेन्सर बदलल्यावर स्कॅनरनं ईसीएमला चकतीची नव्यानं ओळख करून द्यावी लागते. आमच्या गाडीला ते लागलं नाही.

बिलावर सेन्सरची किंमत होती आणि खाली वेगळ्या ओळीत "चेकिंग" म्हणून जवळजवळ तेवढीच रक्कम. ती ओळ पाहून मला फार बरं वाटलं. आपल्याकडे गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं, बसवायचे देतं, पण शोधायचे द्यायचे म्हटलं की कुरकुरतं. "नुसतं बघायचे कसले पैसे?" हे वाक्य मी कित्येक गॅरेजांच्या दारात ऐकलं आहे. मग मेस्त्रींनी काय करावं? शोधण्यात गेलेली दुपार फुकट, आणि पंप बदलला तर पदरात चार पैसे. अंदाजानं पार्ट बदलण्याची सवय आपणच त्यांना लावली आहे, असं माझं ठाम मत आहे. आमच्या गाडीत निष्कारण बदललेल्या पंपाच्या किमतीत अशी तीनचार निदानं आरामात झाली असती.

त्यानंतर शेजारच्या काकांच्या डिझेल गाडीला पी०३३५ कोड आला. डिझेलमध्ये ठिणगीचा प्लग नसला तरी कॉमन रेलचे इंजेक्टर क्रँकच्याच खबरीवर उघडतात, त्यामुळे लक्षण तेच. कोड हातात असल्यानं एका ठिकाणी सेन्सर बदलून झाला, तो बनावट असेल म्हणून पुन्हा बदलून झाला. कोड सेन्सरच्या सर्किटचा असतो, आणि सर्किटमध्ये सेन्सर, दोन कपलर आणि मधली सगळी वायर येते, हे कोणी लक्षात घेतलं नव्हतं. मी त्यांना उद्यमनगरात घेऊन गेले. मेस्त्रींनी पुन्हा ईसीएमच्या टोकापासून मोजायला सुरुवात केली आणि इंजिन चालू ठेवून वायरिंगचा गठ्ठा थोडाथोडा हलवत गेले. गिअरबॉक्सजवळच्या एका ब्रॅकेटपाशी हात लागताच इंजिन बंद. क्लचप्लेटचं काम करताना वायर क्लिपमधून निघाली होती आणि पत्र्याला घासून तिचं आवरण गेलं होतं. आत तांबं हिरवं पडलेलं.

डाग देऊन वायर जोडली, वर स्लीव्ह चढवली, क्लिप जागेवर बसवली. नवा पार्ट एकही लागला नाही. काकांनी बिल बघितलं आणि म्हणाले, "वायरच तर जोडली, एवढे कसले?" मी त्यांना बाजूला घेऊन आधीच्या दोन सेन्सरांची बेरीज करून दाखवली. त्यांनी पैसे दिले, आणि पावसाळ्यात उंदीर बोनेटमध्ये शिरतात म्हणून बाकीच्या वायरिंगवरही एकदा हात फिरवून घ्यायला गाडी संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवली.